आधी कोन ओळखा, मग साइन-कॉस-टॅन

नववीच्या भूमितीत त्रिकोणमितीचं प्रकरण सुरू झालं की पहिल्या आठवड्यातच मुलं ‘साइन म्हणजे संमुख भागिले कर्ण’ घडाघडा म्हणायला लागतात. तरी चाचणीत गुण जातात. वह्या तपासताना चूक नेमकी कुठे झाली ते शोधलं, तर सूत्र चुकलेलं क्वचितच सापडतं. संमुख म्हणून भलतीच बाजू घेतलेली असते, अवनत कोन (खाली बघताना नजरेचा आडव्या रेषेशी होणारा कोन) भिंतीपासून मोजलेला असतो, नाहीतर आकृतीच काढलेली नसते. गडबड कोन बघण्यात असते. त्यामुळे इथे आधी कोनांची नाती घेऊ, त्यातून गुणोत्तरांकडे येऊ, आणि मग तीच गुणोत्तरं घेऊन गावातल्या पाण्याच्या टाकीपाशी, विहिरीपाशी आणि शेतातल्या सौर पंपापाशी जाऊ.

सोबत कंपासपेटी, मोजपट्टीची टेप, जाड दोरा आणि एक जडसर नट ठेवा. नुसतं वाचून हा विषय हाताला लागत नाही. वहीत आकृती काढत काढत पुढे चला.

फाटकापाशी किती कोन?

मनमाडहून संभाजीनगर, जालना, परभणी करत नांदेडला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर एखादं असं फाटक डोळ्यांसमोर आणा, जिथे रस्ता रुळांना तिरपा छेदतो. सध्या एकच रूळ घ्या. रस्ता आणि रूळ यांच्यातला एक कोन ६५° आहे असं समजा. त्या ठिकाणी चार कोन तयार होतात, आणि बाकीचे तीन मोजायची गरज नाही. ६५° च्या शेजारचा कोन त्याच्याबरोबर सरळ रेषा पुरी करतो, म्हणजे रेषीय जोडी. दोघांची बेरीज १८०°, म्हणून शेजारचा ११५°. समोरासमोरचे कोन म्हणजे विरुद्ध कोन, ते समान. झाले चारही: ६५, ११५, ६५, ११५.

आता दुसरा रूळ आणा. तो पहिल्याला समांतर आहे, रस्ता ही छेदिका, म्हणजे दोघांना छेदणारी रेषा. कोन आठ झाले, पण मापं दोनच राहिली. दोन्ही छेदनबिंदूंवर एकाच जागी बसलेले कोन हे संगत कोन, ते समान. दोन रुळांच्या मधल्या पट्ट्यात, पण रस्त्याच्या विरुद्ध बाजूंना असलेले कोन हे आंतरव्युत्क्रम कोन, तेही समान. मधल्या पट्ट्यातच, पण रस्त्याच्या एकाच बाजूला असलेले ते आंतरकोन, आणि त्यांची बेरीज १८०°. मुलं यांना एफ, झेड आणि सी आकार म्हणून ओळखतात. ओळखायला ते ठीक आहे. उत्तरपत्रिकेत मात्र पूर्ण नाव लिहावं.

एक अट विसरू नका: रेषा समांतर असतील तरच हे खरं. उदाहरणात तसं दिलेलं नसेल आणि आकृतीत रेषा समांतर ‘दिसत’ असतील, तर तेवढ्यावर संगत कोन समान धरायचे नाहीत.

नातं ओळखण्यावर किती अवलंबून असतं ते पाहा. दोन समांतर रेषा, एक छेदिका, आणि दोन कोन (३क्ष + १०)° व (२क्ष + २०)° दिले आहेत. ते व्युत्क्रम कोन असतील तर ३क्ष + १० = २क्ष + २०, म्हणून क्ष = १० आणि दोन्ही कोन ४०°. तेच कोन आंतरकोन असतील तर बेरीज १८०. म्हणजे ५क्ष + ३० = १८०, क्ष = ३०, आणि कोन १०० व ८०. राशी त्याच, उत्तरं वेगळी. समीकरण सोडवणं सातवीचं काम आहे. खरं भूमितीचं काम त्याआधी संपलेलं असतं, आकृतीवर बोट ठेवून ‘हे दोन कोन एकमेकांचे कोण?’ हे ठरवण्यात. म्हणून प्रत्येक समीकरणासमोर कारण लिहा. परीक्षेत त्याला गुण असतात, आणि कारण लिहिताना चूक स्वतःलाच दिसते.

त्रिकोणात शिरताना

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०° हे सगळ्यांना पाठ आहे. का, हे मात्र एकदा स्वतः करून बघा. वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा. पायाचे दोन्ही कोन व्युत्क्रम कोन म्हणून वर जाऊन बसतात, आणि तिन्ही मिळून सरळ रेषा होते. फाटकावरची गोष्टच इथे कामाला आली.

यातून दोन गोष्टी लागलीच मिळतात आणि पुढे दोन्ही लागणार आहेत. एक: त्रिकोणाची बाजू वाढवल्यावर होणारा बाह्यकोन हा दोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो. दोन: काटकोन त्रिकोणात ९०° काटकोनालाच गेले, म्हणून उरलेले दोन कोन मिळून ९०°. ते एकमेकांचे कोटिकोन. एक ३८° तर दुसरा ५२°, विचारायचंच नाही.

(कोटिकोन ९० चे आणि पूरक कोन १८० चे. यात गल्लत फार होते, पाठच करून टाका.)

बाजूंची नावं कोनावरून

काटकोन त्रिकोण अ ब क काढा. ब पाशी काटकोन, अब = १२ सेमी, बक = ५ सेमी. पायथागोरसने अक = १३ सेमी. कर्ण कायम काटकोनासमोर, त्याचं नाव बदलत नाही. बाकी दोन बाजूंची नावं तुम्ही कोणत्या कोनापाशी उभे आहात यावर ठरतात.

कोन अ पाशी उभे राहा. समोर दिसते बक, ती संमुख बाजू. अब कोनाला चिकटलेली, ती लगतची. म्हणून

साइन अ = संमुख ÷ कर्ण = ५/१३
कॉस अ = लगतची ÷ कर्ण = १२/१३
टॅन अ = संमुख ÷ लगतची = ५/१२

आता चालत कोन क पाशी या. समोर अब, लगत बक. साइन क = १२/१३, कॉस क = ५/१३, टॅन क = १२/५. साइन अ आणि कॉस क सारखेच आले, कारण एका कोनाची संमुख बाजू ही दुसऱ्याची लगतची बाजू असते. कोटिकोनांचं हे नातं: साइन (९० – थीटा) = कॉस थीटा, इथे थीटा म्हणजे त्या दोनांपैकी कोणताही एक कोन. वेगळं पाठ करायला काही उरलंच नाही.

उदाहरण हाती घेतल्यावर आकृतीत दिलेल्या कोनाला आधी गोल करा, मग त्या कोनातून समोरच्या बाजूकडे बाण काढा. बाण जिथे पोचला ती संमुख. दहावीच्या मुलांनीही ही सवय सोडू नये.

आता हे गुणोत्तर खरंच कोनावरच अवलंबून आहे का, ते तपासा. १० सेमी पाया घ्या, एका टोकाला ३५°, दुसऱ्या टोकाला ९०° काढून त्रिकोण पुरा करा. उभी बाजू मोजली तर जवळजवळ ७ सेमी भरते. पाया ८ सेमी घेतला तर ५.६, पाया ५ घेतला तर ३.५. प्रत्येक वेळी उभी बाजू भागिले पाया ०.७ येतं. पहिल्या त्रिकोणाचा कर्ण १२.२ सेमी असतो, ७ भागिले १२.२ म्हणजे साधारण ०.५७. बाकीच्या दोन त्रिकोणांतही तेवढंच निघतं. तिन्ही त्रिकोणांचे कोन सारखे, म्हणून ते समरूप, म्हणून बाजूंचं प्रमाण तेच. त्रिकोणमितीचं सगळं बळ इथे आहे. वहीतला ५ सेमीचा त्रिकोण आणि टाकीपाशी हवेत उभा राहिलेला २० मीटरचा त्रिकोण यांचा कोन एक असेल, तर टॅनही एकच. हा प्रयोग वगळून पुढे जाऊ नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

३०, ४५, ६० च्या किमती

कोष्टक पाठ करण्याआधी एकदा ते तयार करा. २ एकक बाजूचा समभुज त्रिकोण काढून मधोमध लंब टाका. अर्ध्या त्रिकोणाचा पाया १, कर्ण २, लंब √३. त्याचे कोन ६० आणि ३०. मग साइन ३० = १/२, कॉस ३० = √३/२, टॅन ३० = १/√३. ६० साठी साइन-कॉसची अदलाबदल, टॅन ६० = √३. ४५ साठी १ आणि १ बाजूंचा काटकोन त्रिकोण, कर्ण √२. साइन आणि कॉस दोन्ही १/√२, टॅन १.

परीक्षेत ऐनवेळी आठवेना, तर ०, ३०, ४५, ६०, ९० साठी साइन म्हणजे √०, √१, √२, √३, √४, प्रत्येकाला २ ने भागून. कॉस उलट क्रमाने. टॅन म्हणजे साइन भागिले कॉस. ९० ला खाली शून्य येतं, म्हणून टॅन ९० ठरवता येत नाही.

कर्ण सर्वांत मोठा असल्यामुळे साइन आणि कॉस १ च्या वर जात नाहीत. उत्तर १३/१२ आलं की थांबा, बाजू उलट घेतल्या आहेत. आणि पायथागोरसच्या समीकरणाला कर्णाच्या वर्गाने भागलं की साइनचा वर्ग अधिक कॉसचा वर्ग = १ मिळतं, दहावीच्या नित्यसमानता तिथूनच निघतात.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काम करणार असाल तर आधी साइन ३० काढून बघा. ०.५ आलं तर ठीक. उणे ०.९८८ असं काही आलं तर तो रेडियनवर आहे, डिग्रीवर आणा.

टाकी मोजूया

पुठ्ठ्यावर अर्धवर्तुळाकार कोनमापक चिकटवा, सरळ कड वर आणि गोलाई खाली. सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवा. कोनमापकाच्या केंद्रातून दोरा सोडून टोकाला नट बांधा. गवंड्याचा ओळंबा जसा सरळ खाली लटकतो तसाच हा. नळीतून समोर आडवं बघितलं की दोरा ९० वर येतो. नळी वर केली की दोरा डोळ्याच्या बाजूला सरकतो.

टाकीच्या बुडापासून २० मीटरवर उभे राहा. नळीतून टाकीची वरची कड धरा. हलू द्यायचं नाही, सोबत्याने दोऱ्यावरचा आकडा वाचायचा. कोनमापकावर दोन आकडे दिसतात, ९० पेक्षा लहान असेल तो घ्या. समजा ५२ आला. हा उन्नत कोन, म्हणजे आडव्या रेषेपासून वर मोजलेला कोन, नव्हे. दोरा उभा आहे, त्यामुळे ५२° हा दृष्टिरेषेचा उभ्या दोऱ्याशी झालेला कोन आहे. आपल्याला हवा आडव्या रेषेशी झालेला. दोघे कोटिकोन, म्हणून उन्नत कोन ९० – ५२ = ३८°.

टॅन ३८° = ०.७८१. उंची = २० × ०.७८१ = १५.६ मीटर. पण हा त्रिकोण तुमच्या डोळ्यापासून सुरू झाला आहे, जमिनीपासून नाही. डोळ्याची उंची १.५ मीटर मिळवा. टाकी १७.१ मीटर.

या हत्यारात एका अंशाची चूक होतेच, तेव्हा तिचा हिशोब आधी करून ठेवा. ३८ ऐवजी ३९ वाचला तर उंची सुमारे ०.६ मीटरने वाढते. पण बुडाजवळ जाऊन ७०° वरून मोजलं, तर त्याच एका अंशाने ०.९ मीटरचा फरक पडतो. ४५° च्या आसपास चूक सर्वांत कमी असते. म्हणून टाकी असो की वडाचं झाड, साधारण तिच्या उंचीइतकं लांब जाऊन मोजा.

बुडापर्यंत जाता येत नसेल तर

दहावीच्या पुस्तकी उदाहरणांत मला सर्वांत आवडतं ते हे. दौलताबादचा चाँद मिनार घ्या, बहमनी काळातला, उंची सुमारे ६३ मीटर. समजा त्याच्या बुडापर्यंत टेप नेता येत नाही आणि उंचीही माहीत नाही. एका जागेवरून उन्नत कोन ३०° आला. मिनाराकडे सरळ ७२.७ मीटर चालत गेलात, तिथून ६०° आला. (डोळ्याची उंची सध्या सोडून देऊ. आकडे मी ६३ वरूनच उलटे काढले आहेत, म्हणजे उत्तर ताडून बघता येईल.)

बहुतेक जण दोन टॅनची दोन समीकरणं मांडतात. त्यानेही उत्तर येतं. पण आधी कोन बघा. दुसऱ्या जागेवरचा ६०° हा पहिली जागा, दुसरी जागा आणि मिनाराचं टोक यांच्या त्रिकोणाचा बाह्यकोन आहे. दूरस्थ आंतरकोनांपैकी एक ३०°, म्हणून टोकापाशीचा कोनही ६० – ३० = ३०°. दोन कोन समान, म्हणून त्रिकोण समद्विभुज. म्हणजे दुसऱ्या जागेपासून टोकापर्यंतचं तिरपं अंतर चाललेल्या अंतराइतकंच, ७२.७ मीटर. हा झाला कर्ण. उंची = ७२.७ × साइन ६०° = ७२.७ × ०.८६६ = ६३ मीटर. एका ओळीत संपलं.

एक अंतर मोजायचं आणि पुढे कोनांवर भिस्त ठेवायची, याच पद्धतीने अख्ख्या देशाचा नकाशा झाला. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून महात्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं, आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत ते उत्तरेकडे सरकत गेलं. १८२३ साली हैदराबादहून नागपूरकडे जाताना त्याचा हिंगणघाटला मृत्यू झाला. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेलं.

खाली बघताना

अवनत कोनात सर्वांत जास्त गुण जातात. गच्चीवर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून १२ मीटरवर आहेत, खालच्या रस्त्यावरची मोटारसायकल ३०° अवनत कोनात दिसते. हा ३०° डोळ्यातून निघणाऱ्या क्षितिजसमांतर रेषेपासून खाली मोजायचा. ती रेषा वहीत तुटक काढा, कंटाळा करू नका. जमीन तिला समांतर, दृष्टिरेषा छेदिका, म्हणून मोटारसायकलपाशीचा उन्नत कोनही ३०° (व्युत्क्रम कोन). आता खालच्या त्रिकोणात टॅन ३०° = १२ ÷ अंतर, अंतर = १२√३ = २०.८ मीटर. ३०° भिंतीशी लावला असता तर ६.९ मीटर आलं असतं. तिपटीचा घोळ.

हेच विहिरीला लावा. ६ मीटर व्यासाची, बांधीव कठड्याची विहीर. कठड्याआतून, मोठं माणूस सोबत घेऊन बघायचं. उघड्या विहिरीच्या काठावर कुणीही हा प्रयोग करू नये. समोरच्या भिंतीला पाणी जिथे टेकतं तिथे नजर लावली आणि अवनत कोन ६०° आला. डोळे जवळच्या भिंतीच्या बरोबर वर आहेत असं धरलं, तर पाणी डोळ्यांच्या ६ × √३ = १०.४ मीटर खाली आहे. त्यातून जमिनीपासून डोळ्यापर्यंतचे १.५ मीटर वजा करा. पाणी जमिनीखाली ८.९ मीटर. दिवाळीनंतर दर महिन्याला अशी नोंद ठेवली तर उन्हाळ्यापर्यंत पाणी किती उतरलं याचा आलेख मुलांच्या हातात राहतो. मराठवाड्यात ही नोंद नुसती गणिताची राहत नाही.

काठी, सावली आणि सौर पॅनेल

संभाजीनगर साधारण २०° उत्तर अक्षांशावर आहे, लातूर सुमारे १८.४° वर. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो, आणि भर दुपारी त्याचा उन्नत कोन ९० वजा अक्षांश, म्हणजे संभाजीनगरात ७०° असतो. पुन्हा कोटिकोन. १ मीटरची काठी उभी रोवली तर सावली टॅन २०° म्हणजे ३६ सेमी पडेल. लातुरात ३३. भर दुपार म्हणजे घड्याळातले बारा धरू नका. सावली सर्वांत आखूड होते तो क्षण घ्या. आपल्याकडे त्या दिवसांत तो साडेबारानंतर येतो. नळीतून सूर्याकडे मात्र कधीही बघायचं नाही, सूर्याचा कोन सावलीवरूनच काढायचा.

आता सौर पंपाकडे या. पॅनेल दक्षिणेकडे उतरतं ठेवतात, ढाळ साधारण अक्षांशाइतका. का, ते कोनांनीच सांगता येतं. २० अंशांनी कललेलं पॅनेल, जमीन आणि ७० अंशांवर येणारा किरण यांचा त्रिकोण काढा. २० आणि ७० गेले, तिसरा कोन ९०. किरण पॅनेलवर काटकोनात पडतो. २ मीटर लांबीच्या पॅनेलची मागची कड पुढच्यापेक्षा किती उंच हवी? संमुख बाजू हवी आहे आणि कर्ण दिला आहे, म्हणून साइन. २ × साइन २०° = ०.६८ मीटर. जमिनीवर जागा किती जाईल? २ × कॉस २०° = १.८८ मीटर. घरच्या शेतात पॅनेल असेल तर टेप घेऊन या दोन लांब्या मोजा आणि उलट दिशेने ढाळ काढून बघा.

डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास सूर्य आणखी २३.४° दक्षिणेला गेलेला असतो. मग संभाजीनगरात दुपारचा उन्नत कोन ७० – २३.४ = ४६.६°, त्याचा कोटिकोन ४३.४°, आणि १ मीटर काठीची सावली टॅन ४३.४° म्हणजे ९५ सेमी. आपापल्या गावचा अक्षांश नकाशात बघा, सावली किती पडेल ते आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवा, आणि दुपारी काठीपाशी जा. दोन-तीन सेमीचा फरक चालेल. त्याहून जास्त आला तर गणित खोडण्याआधी काठी ओळंब्यात आहे का आणि जमीन सपाट आहे का, ते तपासा.